दोन्हीकडून गजर

हिंगणीवाडीच्या सप्त्याचा कर्णा बंद करायला लावला तो महेश्वरीनंच, आणि तोही हात जोडून.

"महाराज, थोडा वेळ तरी शांतता हवी. तात्या कुठं पडले असतील, कण्हत असतील, तर ऐकू तरी येईल."

बिभीषण महाराजांनी मांडवाकडं पाहिलं. सात दिवसांच्या अखंड नामाचा पाचवा दिवस. विणेकरी वीणा गळ्यात घेऊन उभा होता. ती वीणा काल्याच्या कीर्तनापर्यंत भुईला टेकवायची नसते; एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहाऱ्यामागून पहारा.

"नाम काही थांबणार न्हाई बाई," महाराज म्हणाले, "पर कर्णा बंद करू. आदी मानूस, मग आवाज."

कर्णेवाल्या सिदूनं बटण पाडलं. पहाटेच्या काकड्यापासून शिवारभर घुमणारा टाळमृदंग एकदम गेला. तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते.

हरवले होते कुंडलिकतात्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यातली साठ वर्षं त्यांनी कीर्तनकाराच्या मागं टाळ धरून उभं राहण्यात घालवली होती. काचबिंदूनं डोळे नेले त्याला दोन वर्षं झाली. आता उजेड आणि अंधार एवढाच काय तो फरक कळे. वर्षभरापासून विसर पडायला लागला होता. काकडा संपल्यावर परसाकडं म्हणून उठले, बरोबरचा माणूस चहाच्या कपात गुंतला, आणि तेवढ्यात तात्या दिसेनासे झाले. आठ वाजता त्यांची काठी सापडली, तीही कालव्याच्या पलीकडं, उसाच्या कडेला. पूल ओलांडून आंधळा माणूस तिकडं गेला कसा, हे त्या पांडुरंगालाच ठाऊक.

तात्यांची नात अंकिता सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात महेश्वरीच्या हाताखाली संशोधन करत होती. तिचा फोन आला तेव्हा महेश्वरी घरी वडिलांबरोबर चहा घेत होती. "मॅडम, आजोबा हरवलेत. ड्रोन घेऊन या." एवढंच बोलून पोरगी रडायला लागली. महेश्वरीनं कप तसाच ठेवला, ड्रोन उडवणाऱ्या दिग्विजयला घरातून उचललं आणि गाडी मोहोळच्या रस्त्याला लावली.

महेश्वरीचं काम सांगायला सोपं होतं, करायला अवघड. यंत्रमानव असो की ड्रोन, त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं असतं. मधे भिंती, खांब, झाडं, माणसं. सगळं टाळून त्यानं आपली वाट आपणच ठरवावी, यासाठीचं गणित ती बारा वर्षं मांडत होती. बाप सोलापुरात टॉवेलचे माग चालवणारा, घरात बोली तेलुगू. कीर्तन तिनं आयुष्यात कधी मांडी घालून ऐकलं नव्हतं.

पण वाट आखायची म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. कालवा आणि गाडीवाट यांच्यामधे बावीस एकर आडसाली ऊस उभा होता. उभा कसला, अर्धा लोळलेला. पुरुषभर उंचीच्या वर, आत दोन हातांवरचं दिसू नये असा. तिनं गाडीवाटेवर लिंबाखाली ठाण मांडलं, लॅपटॉपवर शिवाराचा नकाशा उघडला आणि ड्रोनला अशी वाट आखून दिली की उसाचा एक पट्टा सुटू नये आणि एक पट्टा दोनदा होऊ नये.

पहिली बॅटरी संपली. काही नाही.

दुसरी अंगाची ऊब टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर घालवली. पण चैत्रातलं ऊन. दहा वाजताच जमीन माणसाच्या अंगाएवढी तापलेली. पडद्यावर सगळं शिवार एकसारखं लालभडक; त्यात म्हातारा कुठला आणि ढेकूळ कुठलं? आता एकच बॅटरी उरली होती. गाडीवर लावलेल्या दोन्ही भरायला दुपार झाली असती.

उसात तीस माणसं शिरली होती. "तात्याऽऽ! ओ तात्याऽऽ!" चहूकडून हाका. मधूनच कुणीतरी पातीनं कापलेले हात घेऊन बाहेर येई, पाणी पिऊन परत आत जाई. अंकिता घड्याळाकडं बघून म्हणाली, "मॅडम, पहाटेपासून पाणी नाही त्यांच्या पोटात. पाच तास झाले." बारानंतर या उन्हात काय होतं, ते दोघींनाही सांगायची गरज नव्हती.

अकराच्या सुमाराला पुलाकडून बजाबाई आल्या. तात्यांच्या कारभारीण. डोक्यावरचा पदर दातात, पाय धुळीनं माखलेले. आल्या त्याच भांडणाच्या तयारीनं.

"कर्णा कुनी बंद केला म्हनायचा?"

"मी केला, आजी," महेश्वरी उठून उभी राहिली.

"तू व्हय! सोलापूरची शानी ती तूच का? आगं, मग येतील कशे त्ये? कुनाकडं येतील?"

"आज्जे, जरा हळू," अंकिता मधे पडली.

"गप गं तू! सकाळधरनं सारं गाव नावानं बोंबलतंय. नाव कुटं ध्येनात हाय त्येंच्या? मलाच इचारत्यात, बाई, तू कुनाची. पर मी चुलीम्होरं बसून अबंग धरला की आंगनातनं नीट चालत येत्यात, उंबरा बी न अडकता. आन मी गप झाले, की हाय तितं बसत्यात. हालत न्हाईत. साठ वर्सं तेच केलंय की त्येनी! बुवानं चाल धरली की पाऊल, बुवा थांबला की हाय त्या जागंला."

मांडवातून शोधाला आलेले बिभीषण महाराज लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले होते, ते ताडकन उठले. "खरं हाय वहिनी," ते हळूच म्हणाले. "माझ्या मागं तीस वर्सं हुबं राहिलंय त्ये मानूस. हे मलाच सुचाया पायजे हुतं."

महेश्वरीनं घड्याळ पाहिलं. म्हणजे साडेनऊपर्यंत तात्या आवाजाच्या रोखानं परतच येत होते. आणि तिनं हात जोडून तो आवाज बंद करायला लावला. जिथं आवाज तुटला तिथं म्हातारा बसला. गेला दीड तास तसाच बसलाय, कुणीतरी पुढची चाल धरील म्हणून.

ती हे मनात जुळवते आहे तोवर सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या उसाच्या मालकानं, उदयसिंहानं, फोन कानाला लावलाच होता. "सिदू! लाव रं कर्णा! फुल सोड, फुल!"

"थांबा!" महेश्वरी ओरडली. "एक मिनिट थांबा—"

कालव्यापलीकडून मांडवाचा कर्णा कडाडला. विठ्ठल, विठ्ठल. मृदंग, टाळ, शंभर माणसांचा गळा. उदयसिंहाच्या चेहऱ्यावर हसू आलं, बजाबाईंनी हात जोडले. दिग्विजयनं तिसऱ्या बॅटरीवर ड्रोन वर नेलाच होता, तो ओरडला, "मॅडम, हललं! इथं हललं!"

वारा नव्हता. सगळा ऊस चित्रासारखा स्तब्ध, आणि पडद्यावर एकाच ठिकाणी शेंडे डुलत होते. थांबले. पुन्हा डुलले, थोडे पुढं.

"त्येच हायत!" बजाबाई म्हणाल्या. "इट्टला, माझ्या आईबापा!"

महेश्वरीनं त्या डुलत्या शेंड्यांवर एक टिंब ठेवलं, मांडवावर दुसरं, आणि दोन्हींमधे सरळ रेघ ओढली. मग ती रेघ सगळ्यांनी पाहिली.

रेघ कालव्यातून जात होती.

उन्हाळी पाणी सोडलेलं, कालवा तुडुंब. दोन्ही काठ सिमेंटचे, घसरते, शेवाळलेले. त्यात धडधाकट माणूस पडला तरी दोर टाकल्याशिवाय वर येत नाही. तात्यांना पूल माहीत नव्हता, कालवा माहीत नव्हता. त्यांना फक्त आवाज माहीत होता.

"किती लांब?" अंकितानं विचारलं.

"दीडशे मीटर. लोळलेल्या उसातून… सात-आठ मिनिटं."

उदयसिंहानं सिदूला फोन लावला, एकदा, दोनदा, तीनदा. कर्ण्याशेजारी बसलेल्या माणसाला फोनची घंटी कुठली ऐकू येतेय! "मी जातो," म्हणत त्यानं मोटरसायकलला लाथ मारली. "पुलावरनं वळसा हाय. सात मिन्टं!" धुरळा उठला आणि तो गेला.

उसातली माणसं होती दुसऱ्या टोकाला. त्यांच्यातल्या तिप्पण्णाकडं फोन होता. अक्कलकोटकडचा हा सालगडी, उसात शिरला की मुंगसासारखा पळायचा. दिग्विजयनं त्याला लावलं. "तिप्पण्णा, कालव्याच्या बाजूला या, मी वरून सांगतो." "बर्तो, बर्तो, येतो सायेब! पर धा मिन्टं तरी लागत्यात, आत वाट न्हाई!"

सात मिनिटं, दहा मिनिटं. आणि तात्यांना लागायची होती सात.

गाडीवाटेवर एका भाजीवाल्याचा टेम्पो उभा होता. सकाळी त्याच्या भोंग्यावरूनच तात्यांना पुकारत फिरले होते. महेश्वरीची नजर त्या भोंग्यावर गेली.

"महाराज, माईक घ्या. तोच गजर धरा."

महाराज टेम्पोत चढलेसुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हंजे त्ये आपल्याकडं वळतील. पर बाई, मधी हीर हाय की!"

विहीर होती. तिच्या नकाशावरही होती. उसाच्या मधोमध, जुनी, कठड्याशिवायची, तोंडाशी गवत वाढलेली. तात्या जिथं होते तिथून टेम्पोकडं रेघ ओढली तर ती विहिरीच्या काठावरून जात होती. पुढं कालवा, मागं विहीर.

"वळवायचं नाही त्यांना," महेश्वरी म्हणाली. "थांबवायचंय."

तिच्या कामात एक जुनं दुखणं होतं. यंत्राला जायची जागा ओढत असते. पण कधी कधी दोन बाजूंची ओढ नेमकी सारखी पडते, आणि यंत्र मधेच थिजतं. पुढं नाही, मागं नाही, जागच्या जागी थरथरत उभं. तिच्या विद्यार्थ्यांची कितीतरी यंत्रं अशी मरगळून पडली होती. त्यावर उतारा काढण्यात तिची सहा वर्षं गेली होती. आज तिला तेच दुखणं हवं होतं.

"अंकिता, आवाजाचं बटण तू धर. मी सांगेन तसं. महाराज, सुरू करा."

बिभीषण महाराजांनी एक हात कानाशी नेला. कांदे-बटाटे पुकारणाऱ्या त्या भोंग्यातून विठ्ठलाचं नाव निघालं, आणि माईक नसता तरी ते नाव उसाच्या पार गेलं असतं असा तो गळा. बजाबाईंनी टेम्पोच्या फळीवर ताल धरला.

पडद्यावर शेंडे डुलत होते. कालव्याकडं. एकशेवीस मीटर. शंभर.

"वाढव."

नव्वद. शेंडे थांबले.

"ऐकलं त्यांनी," दिग्विजय पुटपुटला.

शेंडे पुन्हा हलले. या खेपेला उलटे, टेम्पोकडं. एक सरी, दोन सऱ्या, चार. म्हातारा चालीत आला होता, पाऊल भराभर पडत होतं. समोरच्या विहिरीचं काळं तोंड पडद्यावर दिसत होतं.

"कमी कर. आणखी. अंकिता, आणखी!"

"मॅडम, याहून कमी केलं तर ऐकूच जायचं नाही."

"जाईल. कमी कर."

शेंडे थांबले. एक पाऊल कालव्याकडं. थांबले. अर्धं पाऊल इकडं. आणि मग नुसतेच जागच्या जागी हलत राहिले, जणू आत कुणीतरी उभ्या उभ्या इकडून तिकडं मान वळवतंय.

"बास. हेच. असंच ठेव. महाराज, ना वर ना खाली, असंच!"

महाराजांचे डोळे मिटलेले होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

बॅटरी बावीस टक्के. दिग्विजय एका हातानं ड्रोन सांभाळत दुसऱ्या हातातल्या फोनवर तिप्पण्णाला वाट सांगत होता. "उजवीकडं… सरळ… अजून ऐंशी मीटर." आता फक्त असंच राहायला हवं होतं. तिकडं मांडव, इकडं टेम्पो, आणि मधे…

ती एकदम ताठ झाली.

"उदयसिंह!"

"काय झालं?" अंकिता दचकली.

"तो कर्णा बंद करायला गेलाय! तिकडचा आवाज तुटला की ओढ एकाच बाजूची राहील. तात्या सरळ आपल्याकडं येतील. विहिरीत!"

तिनं फोन लावला. मोटरसायकलवरचा माणूस कुठला उचलतोय. पुन्हा लावला. वाजत राहिला. घड्याळात सहा मिनिटं होऊन गेली होती.

"ऐक," ती अंकिताच्या खांद्याला धरून म्हणाली, "तिकडचा आवाज ज्या क्षणी तुटेल, त्याच क्षणी तू बटण पाडायचं. श्वासही घ्यायचा नाही मधे. दोन्ही एकदम बंद झाले तर ते बसतील. महाराज, तुम्हीही थांबायचं! महाराज!"

महाराज कुठले ऐकतायत! तीस वर्षं मागं उभा राहिलेला टाळकरी उसात अडकला होता, आणि ते त्याला जिवाच्या आकांतानं नामावर तोलून धरत होते. दोन्ही डोळ्यांतून धारा लागलेल्या. महेश्वरी टेम्पोच्या मागच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली, कान कालव्याकडं लावून.

विठ्ठल, विठ्ठल. विठ्ठल, वि—

तिकडचा आवाज तुटला.

अंकितानं बटण पाडलं. भोंगा मेला, पण महाराजांचा गळा चालूच. महेश्वरीनं काही विचार केला नाही. तिनं आपला उजवा हात महाराजांच्या तोंडावर दाबून धरला. टिळा लावलेल्या, माळ घातलेल्या, अख्खा तालुका ज्यांच्या पाया पडतो त्या कीर्तनकाराच्या तोंडावर. बजाबाईंचा फळीवरचा हात हवेतच राहिला. महाराजांनी डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं, आणि गप्प झाले.

शिवारात पानही वाजेना.

पडद्यावर शेंडे हलले. टेम्पोकडं. एक पाऊल. विहिरीपासून दहा-बारा हात उरले होते. आणखी अर्धं पाऊल.

"बसा," अंकिता ओठातल्या ओठात म्हणत होती. "बसा ना आजोबा. बसा."

शेंडे सावकाश खाली वाकले, पुन्हा वर आले, आणि स्थिर झाले.

"बसले," दिग्विजय म्हणाला. "तिप्पण्णा, पंधरा पावलं. हळू जा. विहीर डाव्या हाताला आहे, जपून. दहा… आता उजवीकडं… पाच…"

फोनमधून पाचटाची खसखस ऐकू येत होती. मग ती थांबली. मग तिप्पण्णाचा बोंबलल्यासारखा आवाज: "सिक्करु! सिक्करु! सापडले सायेब! हितं बसल्यात, मांडी घालून!"

बजाबाईंनी टेम्पोच्या फळीला कपाळ टेकवलं. सहा टक्क्यांवर ड्रोन आपण होऊन गाडीवाटेवर येऊन उतरला, पण त्याच्याकडं कुणी पाहिलंही नाही.

चौघांनी तात्यांना उचलून बाहेर आणलं तेव्हा त्यांचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते. लिंबाखाली निजवून ओलं उपरणं अंगावर टाकलं. अँब्युलन्स मोहोळहून निघाल्याचा फोन आला होता. अंकितानं मीठ-साखर घातलेल्या पाण्याचा पेला ओठाला लावला.

तात्यांनी तोंड मिटून घेतलं.

"आजोबा, प्या. थोडंसं. एक घोट."

मान हलली. नाही.

"प्या की वो," बजाबाई काकुळतीला आल्या. "कुनाचा राग हाय? माजा?"

"कुनी सोडला त्यो?" तात्यांचा आवाज घशात घासून आला.

"काय सोडला?"

"गजर. अर्ध्यात सोडला." दम लागला, तरी ते थांबले नाहीत. "आन दोनीकडनं चालू हुता. ह्यो म्होरं, त्यो मागं. ताल न्हाई, काय न्हाई. मानसानं टाळ धरायचा कुनाच्या मागं? आन मग दोनी बी गप! कोन हाय ह्यो बुवा?"

"मी हाय तात्या," बिभीषण महाराज म्हणाले. "माझी चुकी झाली."

"महाराजांची नाही, माझी," महेश्वरी पुढं आली. "मी त्यांचं तोंड—"

महाराजांनी हातानंच तिला थांबवलं, आणि डोळ्यांत हसले. मग ते तिथं धुळीत तात्यांच्या उशाशी मांडी घालून बसले. माईक नाही, मृदंग नाही. जिथं तोंडावर हात आला होता, त्याच अक्षरावरून त्यांनी नाम उचललं, अगदी हळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. बजाबाईंनी साथ धरली. तिप्पण्णानं कापलेल्या हातांनी टाळी धरली. महेश्वरीला चाल येत नव्हती. ती शब्द तेवढे म्हणत राहिली, एक ठोका मागं राहून.

तात्यांचे दोन्ही तळवे छातीवर होते. ते एकमेकांवर हलके हलके पडायला लागले.

गजर चढला, पुरा झाला. शेवटचा जयजयकार झाला. तात्यांनी हात जोडले, कपाळाला लावले, आणि तोंड उघडलं.

अंकितानं पेला टेकवला. घोट खाली उतरलेला गळ्याच्या घाटीवर स्पष्ट दिसला. दुसरा. तिसरा. पेला संपला तेव्हा तात्यांनी तो हातात घेतला आणि पुढं केला.

"आजून," ते म्हणाले.